वाळूखालचं शेत : ग्रीनलँडमधल्या एका उठून गेलेल्या वस्तीची गोष्ट



आजचा पाठ इतिहासाचाही आहे आणि भूगोलाचाही. थोडं विज्ञानही येणार आहे. पाठ आहे एका शेताबद्दल. हे शेत आपल्यापासून फार लांब, बर्फाच्या बेटावर होतं. चारशे वर्षं तिथे माणसं राबली, जनावरं पाळली, लेकरं वाढवली. मग एक दिवस घर रिकामं झालं. ही माणसं कुठे गेली? का गेली? त्यांचं काय झालं? उत्तर सांगायला त्यांच्यापैकी कुणी उरलेलं नाही. उरलेत फक्त अवशेष. तेव्हा आज आपण अवशेष वाचायला शिकू या.

नदीकाठी दिसलेलं लाकूड

१९९० सालची गोष्ट. ग्रीनलँडची राजधानी नूक. तिच्यापासून सुमारे ८० किलोमीटर पूर्वेला, आतल्या भागात, दोन शिकारी रेनडिअरच्या मागावर फिरत होते. एका नदीच्या काठाने जाताना वाळूच्या दरडीतून बाहेर आलेली लाकडं त्यांना दिसली.

तुम्ही म्हणाल, नदीकाठी लाकूड दिसलं, त्यात काय एवढं? पण ग्रीनलँडमध्ये मोठी झाडं जवळजवळ नाहीतच. खुरटी झुडपं, गवत, शेवाळं, एवढंच. मग इतकं मोठं लाकूड वाळूच्या पोटात आलं कुठून? कुणीतरी ते तिथे आणलेलं असणार. शिकाऱ्यांनी ही बातमी संग्रहालयाला कळवली.

१९९१ ते १९९६ अशी सहा वर्षं, उन्हाळ्याच्या दिवसांत, ग्रीनलँड आणि डेन्मार्कचे पुरातत्त्वज्ञ तिथे खोदकाम करत होते. वाळूखाली एक अख्खं शेतघर निघालं. खोल्या होत्या तीसच्या आसपास, पण त्या सगळ्या एकाच वेळच्या नव्हत्या. एक पाडून दुसरी, दुसरीला जोडून तिसरी, असं पिढ्यानपिढ्या बांधकाम चाललेलं होतं. इसवी सन १००० नंतर लवकरच ही वस्ती सुरू झाली आणि १४०० च्या सुमारास संपली. पुढे नदीने पात्र बदललं, घरावर वाळू येऊन पडली आणि सगळं गोठून गेलं. गोठल्यामुळेच ते टिकलं. आपण फ्रिजमध्ये भाजी ठेवतो ना, तसं समजा. लाकूड, लोकर, शेण, जनावरांच्या लेंड्या, केस, अगदी माश्यांचे आणि किड्यांचे अवशेषसुद्धा शाबूत राहिले.

या जागेला नाव पडलं 'वाळूखालचं शेत'.

ग्रीनलँड कुठे, आणि तिथे शेती कशी?

आता नकाशा उघडा. उत्तर अटलांटिक महासागरात, कॅनडाच्या ईशान्येला, एक मोठं पांढरं बेट दिसेल. ते ग्रीनलँड, जगातलं सर्वात मोठं बेट. क्षेत्रफळ सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या भारताच्या साधारण दोन तृतीयांश. पण त्यातला सुमारे ८० टक्के भाग बर्फाच्या जाड थराखाली आहे. माणूस राहू शकतो तो फक्त किनाऱ्याच्या कडेने.

या किनाऱ्यात समुद्राचे लांब, अरुंद फाटे आत घुसलेले आहेत. त्यांना फ्योर्ड म्हणतात. आपल्याकडे कोकणात खाड्या आहेत, तसंच काहीसं डोळ्यांसमोर आणा. फक्त दोन्ही बाजूंना उंच डोंगर आणि पाण्यात तरंगणारे बर्फाचे तुकडे. नैर्ऋत्य भागातल्या फ्योर्डच्या आतल्या टोकाला वारा कमी लागतो, उन्हाळ्यात ऊब असते आणि गवत चांगलं येतं. हे 'गवत' लक्षात ठेवा. आजच्या पाठातली निम्मी गोष्ट गवताची आहे.

तिथे शेती म्हणजे आपल्यासारखी ज्वारी-बाजरीची शेती नव्हती. काही ठिकाणी जवाचे जळालेले दाणे सापडले आहेत, म्हणजे थोडंफार धान्य पिकवायचा प्रयत्न झाला होता. पण खरी शेती होती जनावरांची. गाई, मेंढ्या, शेळ्या. दूध, दही, लोणी, चीज, लोकर, मांस. शेतकरी हाच, पण त्याचं पीक म्हणजे गवत.

ही माणसं आली कुठून?

ही माणसं मूळची उत्तर युरोपातली. त्यांना नॉर्स म्हणतात. 'व्हायकिंग' हा शब्द तुम्ही सिनेमात ऐकला असेल. त्याच समाजातले हे लोक, पण यांचा धंदा लूटमारीचा नव्हता. हे शेतकरी कुटुंबवत्सल लोक होते, आणि त्यातले बरेचसे आइसलँडहून आले होते.

यांचा म्होरक्या होता एरिक. केस-दाढी तांबूस, म्हणून 'लाल एरिक'. आइसलँडमध्ये भांडणातून त्याच्या हातून खून झाले, म्हणून त्याला तीन वर्षांसाठी हद्दपार करण्यात आलं. ही तीन वर्षं त्याने पश्चिमेकडचा नवा प्रदेश धुंडाळण्यात घालवली. परत आल्यावर त्याने त्या प्रदेशाला नाव दिलं 'ग्रीनलँड', म्हणजे हिरवी भूमी. नाव चांगलं असेल तर लोक यायला तयार होतील, असा त्याचा हिशोब होता, असं जुन्या आइसलँडी लिखाणात सांगितलं आहे. जाहिरात ही काही आजची गोष्ट नाही बरं का!

९८५-८६ च्या सुमारास २५ जहाजं निघाली. त्यातली १४ पोहोचली. बाकीची परत फिरली किंवा बुडाली. जहाजात माणसं होती, गाई होत्या, मेंढ्या होत्या, अवजारं होती. उघड्या जहाजात, थंडगार समुद्रात, हंबरणाऱ्या गाई घेऊन निघालेली ही माणसं कशी असतील, याची जरा कल्पना करा.

त्यांच्या दोन वस्त्या झाल्या. दक्षिणेकडची 'पूर्व वस्ती', तिथे सुमारे ५०० शेतांचे अवशेष मिळाले आहेत. तिच्यापासून साधारण ५०० किलोमीटर वायव्येला, आजच्या नूकजवळ, 'पश्चिम वस्ती'. तिथे शंभराच्या आत शेतं. गंमत अशी की दोन्ही वस्त्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच आहेत! आपलं 'वाळूखालचं शेत' हे पश्चिम वस्तीतलं. दोन्ही मिळून लोकसंख्या भरात असताना दोन ते तीन हजार असावी, असा अलीकडचा अंदाज आहे. म्हणजे आपल्याकडचं एक मध्यम गाव. तेवढीच माणसं शेकडो किलोमीटरच्या किनाऱ्यावर विखुरलेली.

गवत म्हणजे जीव

उन्हाळा तिथे जेमतेम तीन-चार महिन्यांचा. तेवढ्या दिवसांत गवत वाढवायचं, कापायचं, वाळवायचं आणि साठवायचं. हिवाळाभर गाई गोठ्यात बंद. बाहेर चरायला काहीच नाही. साठवलेलं गवत वसंत ऋतूपर्यंत पुरलं तर गाय जगणार, नाहीतर नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात कडबा संपत आला की शेतकऱ्याच्या कपाळावर आठ्या पडतात. तिथे ही काळजी हिवाळ्यात असायची, एवढाच फरक.

गोठे कसे होते? जाडजूड भिंती, दगड आणि गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेकळांच्या. ही मुळांची ढेकळं थंडी आत येऊ देत नाहीत. दोन गाईंच्या मध्ये उभा दगड रोवलेला. ते दगड आजही जागेवर उभे दिसतात, त्यामुळे एका गोठ्यात किती गाई बांधल्या जात, हे चक्क मोजता येतं. गार्दार नावाच्या ठिकाणी बिशपचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूचं, मोठं शेत होतं. तिथल्या गोठ्यांत शंभराच्या आसपास गाई मावत. साध्या शेतकऱ्याच्या गोठ्यात मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. गावात श्रीमंत कोण आणि गरीब कोण, हे गोठा सांगतो!

हे लोक कुरणाला शेणखत घालत. गार्दारला तर गवतासाठी पाटाचं पाणी आणलेलं होतं. त्या पाटांच्या खुणा आजही दिसतात. बर्फाच्या देशात पाटपाणी, हे ऐकून नवल वाटेल. पण पाऊस कमी झाला की गवत तिथेही वाळतं.

आता पुन्हा वाळूखालच्या शेतात जाऊ. पुढच्या काळात तिथे माणसांच्या खोल्या, कोठार आणि गोठा हे सगळं एकमेकाला चिकटून, एकाच छपराखाली आलेलं दिसतं. असं केल्याने जनावरांच्या अंगाची ऊब वाया जात नाही आणि वादळात बाहेर न पडता धारा काढता येतात. एका खोलीत उभा माग होता. मागाचे लाकडी भाग आणि सुताला ताण देण्यासाठी बांधायची दगडी वजनं तिथे मिळाली. म्हणजे ही विणकामाची खोली. हिवाळ्याच्या लांबच लांब रात्री, दिव्याच्या उजेडात, घरातल्या बायका इथे लोकरीचं कापड विणत असणार.

उकिरड्याचं पुस्तक

मुलांनो, इतिहास म्हणजे राजवाडे आणि तलवारी, असं आपल्याला वाटतं. पण पुरातत्त्वज्ञाला सर्वात आवडणारी जागा कोणती, सांगा पाहू? उकिरडा! हो, उकिरडाच. माणूस पाहुण्यासमोर खोटं बोलेल, पत्रात फुशारकी मारेल, पण उकिरड्यात जे खाल्लं तेच टाकणार.

या नॉर्स लोकांच्या उकिरड्यांत खालच्या, म्हणजे जुन्या थरांमध्ये गाई-मेंढ्यांची हाडं चांगल्या संख्येने आहेत. वरच्या, म्हणजे नंतरच्या थरांत सीलची हाडं वाढत जातात. सील हा थंड समुद्रातला सस्तन प्राणी. अंगावर जाड चरबी. वसंतात सीलचे कळप किनाऱ्याजवळ येत, तेव्हा माणसं एकत्र येऊन त्यांची शिकार करत.

दुसरा पुरावा माणसांच्या हाडांचा. आपण जे खातो त्याची रासायनिक खूण आपल्या हाडांत उरते. समुद्रातलं अन्न खाणाऱ्याच्या हाडात एक खूण, जमिनीवरचं खाणाऱ्याच्या हाडात दुसरी. नॉर्स दफनभूमीतल्या हाडांची अशी तपासणी झाली. सुरुवातीच्या लोकांच्या अन्नात समुद्राचा वाटा सुमारे २० टक्क्यांपर्यंत कमी होता. शेवटच्या काळातल्या काही लोकांत तो ८० टक्क्यांपर्यंत गेला.

याचा अर्थ काय? पूर्वी या लोकांविषयी एक मत फार लोकप्रिय होतं. ते असं, की हे लोक हट्टी होते. हवामान बदललं तरी गाईच पाळत बसले, शेजारच्या लोकांकडून काही शिकले नाहीत आणि उपाशी मेले. अमेरिकन लेखक जेरेड डायमंड यांच्या २००५ सालच्या 'कोलॅप्स' या पुस्तकामुळे हे मत जगभर पोहोचलं. पण हाडं काय सांगतात बघा. दूध-लोण्यावर जगणारे लोक हळूहळू सीलवर जगू लागले. ज्याने काही पिढ्यांत आपलं ताट इतकं बदललं, त्याला हट्टी कसं म्हणायचं?

अर्थात सगळंच बदललं नाही. गाय ही त्यांची प्रतिष्ठा होती, चर्च हा त्यांचा आधार होता. दक्षिणेकडच्या हेर्योल्फ्सनेस इथल्या दफनभूमीत १९२१ साली खोदकाम झालं. तिथे गोठलेल्या मातीत मध्ययुगीन कपडे मिळाले. घेरदार झगे, टोप्या. कापड घरच्या मागावरचं, पण बेत युरोपातला. जगाच्या टोकाला राहूनही आपण युरोपचेच आहोत, ही भावना त्यांनी अंगावर घातली होती.

वस्ती का उठली?

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. परीक्षेत 'कारणे लिहा' असा प्रश्न येतो ना, तसा हा पाच-सहा गुणांचा प्रश्न आहे. एकेक कारण पाहू.

१. थंडी आणि समुद्रातला बर्फ. वस्ती बसली तेव्हा हवा त्यामानाने उबदार होती. तेराव्या-चौदाव्या शतकापासून उत्तर अटलांटिकमध्ये थंडी आणि वादळं वाढत गेली. किनाऱ्यालगत बर्फ वाहून येऊ लागला. जहाजांची वाट अवघड झाली.

२. कोरडेपणा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पूर्व वस्तीजवळच्या तळ्यातला गाळ तपासला गेला. तिथे थंडीपेक्षा पाऊसपाणी कमी होत गेल्याच्या खुणा ठळक दिसल्या. पाणी कमी म्हणजे गवत कमी. गवत कमी म्हणजे हिवाळ्यात गोठा रिकामा. दुष्काळ म्हटला की आपल्याला तापलेलं रान आठवतं. पण थंड प्रदेशातही दुष्काळ पडतो.

३. समुद्र आत आला. वाढलेल्या बर्फाच्या वजनाने जमीन खाली दबली आणि त्याच बर्फाने समुद्राचं पाणी आपल्याकडे ओढून धरलं. त्यामुळे नॉर्स वस्तीच्या काळात काही ठिकाणी समुद्राची पातळी तीन मीटरपर्यंत वाढली असावी, असं २०२३ च्या एका अभ्यासात गणित मांडून दाखवलं आहे. आणि पाण्याखाली गेली ती किनाऱ्याची सखल जमीन, म्हणजे कुरणाचीच.

४. बाजार पडला. हे कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. हे लोक दरवर्षी उन्हाळ्यात शेकडो किलोमीटर उत्तरेला जाऊन वॉलरसची शिकार करत. वॉलरसचे सुळे म्हणजे हस्तिदंतासारखा माल. युरोपात त्याच्या कोरीव वस्तू बनत. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर १८३१ मध्ये बाराव्या शतकातल्या बुद्धिबळाच्या सोंगट्या सापडल्या, त्यातल्या बहुतेक वॉलरसच्या दाताच्या आहेत. या सुळ्यांच्या बदल्यात ग्रीनलँडला लोखंड, लाकूड, चर्चसाठी घंटा असं सामान येई. पुढे युरोपात आफ्रिकेतल्या हत्तींचे दात जास्त येऊ लागले आणि वॉलरसच्या सुळ्यांची किंमत उतरली. माल तोच, मेहनत तीच, भाव मात्र नाही. आपल्या शेतकऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

५. रोगाची साथ. १३४९ मध्ये प्लेगची भयंकर साथ नॉर्वेत पोहोचली. ग्रीनलँडवर १२६१ पासून नॉर्वेच्या राजाचं राज्य होतं आणि जहाजं यायची ती नॉर्वेच्या बर्गेन बंदरातून. साथीत नॉर्वेतली प्रचंड माणसं मेली. दूरच्या एका बेटाकडे जहाज पाठवायला माणसंही नव्हती आणि पैसाही नव्हता. गार्दारला राहणारा शेवटचा बिशप १३७० च्या दशकात वारला. त्याच्या जागी दुसरा बिशप तिथे राहायला आला नाही.

६. शेजारी. याच काळात इनुइट लोकांचे पूर्वज उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत होते. ते समुद्री शिकारीत निष्णात. कातडी होड्या, भाले, थंडीला साजेसे कपडे, सगळं त्यांच्याकडे होतं. दोन समाजांत देवाणघेवाण झाली, काही वेळा चकमकीही झाल्या. पण इनुइटांनी वस्त्या जाळून टाकल्या, असा पुरावा अवशेषांत मिळत नाही.

शेवटचे दिवस

आता मुद्द्याचा प्रश्न. ही माणसं मेली की गेली?

चौदाव्या शतकाच्या मध्याला इव्हार बार्दार्सन नावाचा धर्मगुरू पश्चिम वस्तीकडे पाठवला गेला. त्याच्या नावावर असलेला वृत्तांत सांगतो, की तिथे एकही माणूस दिसला नाही. मोकाट फिरणारी गुरं आणि मेंढ्या तेवढ्या दिसल्या. हा लेखी पुरावा. पण वाळूखालच्या शेताची कालगणना सांगते की ते १४०० च्या सुमारापर्यंत चालू होतं, म्हणजे इव्हारच्या भेटीनंतरही काही दशकं! आता खरं कोणाचं? कदाचित इव्हार किनाऱ्याजवळची काही शेतं पाहून परत गेला असेल. म्हणून मुलांनो, लिहिलेलं आहे म्हणून लगेच पूर्ण खरं मानायचं नाही. मातीलाही विचारायचं.

माती दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगते.

पश्चिम वस्तीतच निपाट्सोक नावाच्या ठिकाणी एक शेत आहे. तिथल्या शेवटच्या थरात गाईंच्या खुरांकडची हाडं मिळाली आणि शिकारी कुत्र्याची हाडं मिळाली. कुत्र्याच्या हाडांवर सुरीच्या खुणा आहेत. म्हणजे आधी गाई खाल्ल्या, अगदी खुरांपर्यंत. मग ज्या कुत्र्याला घेऊन शिकारीला जायचं, तोही खाल्ला. किती वाईट हिवाळा असेल तो! त्या घराच्या जमिनीत माश्यांचे अवशेष होते. आधी उबदार घरात, माणसाच्या आसऱ्याने जगणाऱ्या माश्या. त्यावर थंडीत तग धरणाऱ्या माश्या. चूल विझली, घर थंड पडलं, हे त्या माश्यांनी सांगितलं. पण त्या घरात माणसांचे सांगाडे नाहीत. जे वाचले ते निघून गेले असणार.

वाळूखालच्या शेतात चित्र वेगळं आहे. तिथे धावपळ नाही, जळिताच्या खुणा नाहीत. मात्र पडक्या घराच्या आत एक अख्खी शेळी सापडली, अंगावरच्या केसांसकट. माणसं गेल्यावर मागे राहिलेली ही शेळी आडोशाला आत शिरली असावी, असा अंदाज आहे. दार उघडायला आणि वैरण टाकायला कुणी नव्हतं. मला सगळ्या अवशेषांत ही शेळी फार लक्षात राहते. तिच्याबद्दल कुठल्याही राजाच्या दप्तरात नोंद नाही.

दक्षिणेकडची पूर्व वस्ती आणखी काही दशकं टिकली. तिथल्या ह्वाल्सेय गावात दगडी चर्च आहे. त्याच्या भिंती आजही उभ्या आहेत, छप्पर तेवढं नाही. याच चर्चमध्ये सप्टेंबर १४०८ मध्ये सिग्रिड ब्योर्न्सदोत्तिर आणि थोरस्टाइन ओलाफसन यांचं लग्न लागलं. पुढे १४१० मध्ये जहाज निघालं आणि हे लोक गेले. नवरा-बायको आइसलँडला स्थायिक झाले. लग्न रीतसर झालं होतं हे सिद्ध करायला पाहुण्यांनी लेखी साक्ष दिली, म्हणून आपल्याला ते कळलं. ग्रीनलँडच्या नॉर्स लोकांविषयीची ही शेवटची लेखी खबर. त्या साक्षीत ना उपासमार आहे, ना लढाई. एक लग्न, जमलेली माणसं, बस्स. पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पूर्व वस्तीही रिकामी झाली.

'नामशेष झाले' म्हणायचं का?

पुस्तकांत आपण सहज वाचतो, 'ही संस्कृती नामशेष झाली.' वाक्य छोटं आहे, पण त्यात माणसं हरवतात. अवशेष नीट पाहिले तर असं दिसतं, की वस्ती एका दिवसात संपली नाही. लांबची, कमी गवताची शेतं आधी सुटली. मग पश्चिम वस्ती. मग दक्षिण. घरांत मौल्यवान वस्तू फारशा मिळत नाहीत, म्हणजे जाणाऱ्यांनी त्या सोबत नेल्या. आइसलँड आणि नॉर्वेत साथीमुळे शेतं ओस पडली होती, कसायला माणसं हवी होती. मग तरुण मुलगा काय करेल? जहाज आलं की निघेल. तरुण गेले की सीलच्या शिकारीला माणसं पुरत नाहीत, गवत कापायला हात पुरत नाहीत. मग उरलेल्यांनाही जावं लागतं.

गाव असंच ओस पडतं, मित्रांनो. आधी काही घरांना कुलपं लागतात, मग शाळेतला पट कमी होतो, मग दुकान बंद होतं. शेवटचा माणूस जातो तेव्हा बाकीचे केव्हाच गेलेले असतात. जे गेले त्यांना मूर्ख ठरवणं सोपं आहे. पण गाय, सील, मेंढी, पाटपाणी, वॉलरस, एकाच छपराखालचं घर असे सगळे उपाय करून चारशे-साडेचारशे वर्षं तिथे टिकलेली ही माणसं होती. आपल्या शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला १६७४ साली. तेव्हापासून आजपर्यंत साडेतीनशे वर्षंच झाली. आता सांगा, त्यांना अयशस्वी म्हणायचं?

आणि दुसरी गोष्ट. बेट रिकामं झालं नव्हतं! इनुइट लोक तिथेच होते आणि आहेत. १७२१ मध्ये हान्स एगेदे नावाचा धर्मप्रसारक नॉर्स लोकांचे वंशज शोधायला ग्रीनलँडला गेला. त्याला नॉर्स कुणी भेटलं नाही. पडकी घरं दिसली आणि भेटले ते इनुइट. आज ग्रीनलँडच्या सुमारे ५६-५७ हजार लोकसंख्येत बहुसंख्य त्यांचेच वंशज आहेत. त्यामुळे 'ग्रीनलँडमध्ये माणूस टिकू शकला नाही' असं कुणी म्हणालं, तर लगेच विचारायचं, 'कोणता माणूस?'

आज तिथे काय आहे?

१९२४ मध्ये ओटो फ्रेडरिक्सन नावाच्या ग्रीनलँडी शेतकऱ्याने कास्सिआर्सुक इथे मेंढपाळी सुरू केली. हे ठिकाण म्हणजे लाल एरिकचं जुनं शेत! नॉर्स लोकांनी निवडलेलं गवत पुन्हा मेंढ्यांच्या उपयोगी आलं. आज दक्षिण ग्रीनलँडमध्ये मेंढीपालन करणारी कुटुंबं आहेत. जुने नॉर्स अवशेष आणि आजची शेती मिळून हा प्रदेश 'कुयाता' या नावाने २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

पण एक धोका आहे. ज्या गोठलेल्या मातीने लाकूड, लोकर आणि ती शेळी सांभाळली, ती माती आता वितळते आहे. माती वितळली की जिवाणू कामाला लागतात आणि सहाशे वर्षं टिकलेली वस्तू कुजायला लागते. वाळूखालच्या शेतात तर नदी दरड खात होती, म्हणूनच खोदकामाची घाई करावी लागली. जी शेतं अजून कुणी उघडलेली नाहीत, त्यांचे उकिरडे वाचायच्या आधीच कुजून गेले, तर त्या माणसांची बाजू मांडायला काहीच उरणार नाही.

वर्गात चर्चा करू या

१. एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्यावरून त्याच्या परिस्थितीबद्दल काय काय सांगता येतं?

२. इव्हारचा वृत्तांत आणि शेताची कालगणना यांत फरक का पडला असेल? तुमचा अंदाज लिहा.

३. वस्ती उठण्याची सहा कारणं आपण पाहिली. त्यातली कोणती माणसाच्या हातात होती आणि कोणती नव्हती? दोन रकाने करा.

४. उपक्रम : तुमच्या घरातला एक आठवड्याचा कचरा (ओला सोडून) यादी करून लिहा. ती यादी शेजारच्या मित्राला द्या आणि नाव न सांगता विचारा, 'हे घर कसं असेल?' बघा तो काय काय ओळखतो!

५. तुमच्या परिसरात एखादी ओस पडलेली वस्ती, वाडा किंवा जुनी विहीर असेल, तर आजी-आजोबांना विचारा. तिथे कोण राहत होतं आणि ते कुठे गेले? उत्तर वहीत लिहून ठेवा. सांगणारी माणसं आहेत तोवरच विचारून घ्या.